पॉलिश न धरणारी जागा

१

शालीकरामच्या दुकानाला पाटी नव्हती. गोंदियाच्या धानगिरण्यांमागच्या गल्लीत ज्या दारावर उघडे मृदंग आणि बाजाच्या फुटक्या पेट्या दिसतील ते त्याचं दुकान, एवढी खूण गावाला पुरत असे. समोरच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधल्या दाराला पोत्याचा पडदा. लाकूडकाम शालीकरामचं, रंगाचं काम प्रेमिलाचं.

प्रेमिला चिचगडकडची. बाप पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून बाजारात न्यायचा, त्यामुळे लाखेचा वास तिच्या अंगात लहानपणीच मुरलेला. लग्न होऊन आली तेव्हा नवरा पेटीला पॉलिश करताना जिथं तिथं ओघळ सोडायचा. ते तिला बघवेना. एक दिवस तिनं त्याच्या हातातली पॉलिशची कापडी गादी काढून घेतली आणि त्यानंतर ती त्याला कधी परत दिलीच नाही. सकाळी चहाच्या आधी ती चपड्याची, म्हणजे गाळलेल्या लाखेची, बाटली हलवून ठेवायची. स्पिरिटात विरघळणारे ते पिवळे पापुद्रे पाहिल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

माघ महिना होता. सकाळी दारात बैलगाडी थांबली आणि उदाराम आत आला. आमगावकडचा शेतकरी, पन्नाशी उलटलेला, आवाज मात्र पंचक्रोशीत नावाजलेला. दरवर्षी महाशिवरात्रीला जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या जत्रेत त्याची भजनमंडळी बसायची. घोंगडीत गुंडाळलेलं ओझं त्यानं लेकराला ठेवावं तसं खाली ठेवलं. आत तंबुरा होता. भोपळा शाबूत होता, पण लांब दांडी मधोमध मोडली होती आणि तारांना लोंबकळत होती.

"नाल्यात गाडी कलंडली," उदाराम म्हणाला. "भोपळा मी पोटाशी धरला, दांडी चाकाखाली आली. शालीकभाऊ, शिवरात्रीच्या आत बसवून दे गा. या बिगर माहा सूर लागत नाई."

"नवी दांडी कोरा लागन," शालीकराम म्हणाला. "वाळलं लाकूड कुठून आनू इतक्यात?"

बोलता बोलता त्यानं वर पाहिलं. आढ्यावर जुन्या सामानात एक दांडी पडून होती, काळसर, तुपकट चकाकीची. भोपळा फुटलेल्या कुठल्याशा तंबुऱ्याची. ती शालीकरामच्या बापाच्या वेळेपासून तिथंच होती. कोणाची, कधी आली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि विचारायला बाप राहिला नव्हता. त्यानं ती खाली काढली, फडक्यानं पुसली, भोपळ्याच्या गळ्याशी लावून पाहिली. जणू त्याच भोपळ्यासाठी कोरली असावी अशी ती बसली.

"घ्या, झालं तुमचं काम," तो हसून म्हणाला.

२

सरस वाळला, सांधा पक्का झाला. आणि मग प्रेमिलाच्या लक्षात आलं की खरं काम आता आहे.

उदारामचा भोपळा मधासारखा पिवळा होता. दांडी पिकल्या जांभळासारखी काळी. एका धडावर दुसऱ्याचं डोकं बसवल्यासारखा तंबुरा दिसत होता. तिनं काताचं पाणी करून भोपळ्याला हलका हात दिला, दांडीवरचं जुनं पॉलिश स्पिरिटनं थोडं उतरवलं. सांध्याच्या जागी एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळतो ते डोळ्याला कळू नये, अशी तिनं गादी फिरवायला घेतली. मलमलीच्या गादीत थेंबभर गोडं तेल, मग चपडा, मग गोल गोल हात. एक थर वाळू द्यायचा, काचकागदानं हलकं घासायचं, की पुन्हा गोल गोल.

दांडी घासताना तिला दोन जागा सापडल्या. खाली, तारा छेडायच्या उंचीवर, अंगठ्याएवढा खळगा. वर, बसलेल्या माणसाच्या तोंडाशी येईल तिथं, तळहाताएवढी गुळगुळीत, किंचित खोल जागा. वर्षानुवर्षं कोणी अंगठा टेकला असेल, सूर ऐकायला गाल लावला असेल. जुन्या वाद्याला असे घट्टे पडतातच. पण अंगठ्याचा खळगा तिला भलत्याच बाजूला वाटला. तिनं तंबुरा मांडीवर घेऊन पाहिलं. तिचा अंगठा दांडीच्या उजव्या कडेला आला. खळगा डाव्या कडेला होता.

"डावखुरा असन," शालीकराम म्हणाला.

तिनं डाव्या हातानं धरून पाहिलं. तरी जमेना. मग ती उठली, तंबुरा भिंतीला उभा केला आणि त्याच्यासमोर जाऊन बसली. हात पुढे केला. अंगठा खळग्यात नेमका बसला.

म्हणजे वाजवणाऱ्याच्या समोर बसून, पलीकडून, कोणीतरी वाजवत होतं. तिनं हात चटकन काढून घेतला आणि पदराला पुसला. मग स्वतःशीच हसली, लाख आणि लाकडाचा चुरा मळून दोन्ही जागा भरल्या आणि वरून थर दिले. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात दांडी एकसारखी चमकत होती.

३

सकाळी दोन्ही जागा उघड्या पडल्या होत्या.

दहिवर पडलं की पॉलिश पांढरं फटक पडतं, हे तिला माहीत होतं. पण हे पांढरं नव्हतं, सालपटही निघालं नव्हतं. पॉलिश झिजलं होतं. जात्याच्या खुंट्याला हातानं येते तशी झीज. भरलेली लाखसुद्धा त्या दोन खळग्यांतून नाहीशी झाली होती, आणि खाली चुरा पडलेला नव्हता.

"सरदी आहे हवेत," शालीकराम म्हणाला. "चुलीजवळ ठेव."

तिनं पुन्हा भरलं, पुन्हा थर दिले, तंबुरा मागच्या खोलीत चुलीच्या उबेला ठेवला. दुसऱ्या सकाळी तेच. चपडा जुना निघाला असेल म्हणून तिनं नवा विरघळवला. स्पिरिटात पाणी असेल म्हणून दुसऱ्या दुकानातून आणवलं. सांधा सुंदर मिळाला होता, भोपळ्याचा पिवळा गळ्यापाशी हळूहळू काळवंडत दांडीत शिरत होता. पण त्या दोन जागा काही रंग धरेनात.

त्या आठवड्यात शालीकराम तिरोड्याला गेला, एका देवळाची पेटी दुरुस्त करायला. दुपारी प्रेमिला नळावरून पाणी घेऊन येत होती तेव्हा शेजारची म्हातारी सुशिलाबाई ओट्यावर डाळ निवडत बसलेली.

"प्रेमिला, तुहे मालक इतके चांगले गाते, कधी सांगतलं नाई वं?"

"ते? ते कुठं गाते बाई. त्याईले सा लागत नाई."

"आता आयकली ना मी. तू पान्याले गेली तवापासून चालू आहे. शब्द नाई कळले, पन आवाज कसा, विहिरीतून आल्यावानी."

प्रेमिलाच्या कमरेवरची घागर हिंदकळली. शालीकराम सकाळच्या गाडीनं गेला होता आणि दाराची कडी तिनंच लावली होती. ती तशीच लावलेली होती. तिनं ती काढली, आत गेली. तंबुरा जागच्या जागी होता. त्याला अजून तारा चढवल्या नव्हत्या. खोलीत गिरणीची धडधड तेवढी ऐकू येत होती, रोजचीच. पण ती उभी राहिली आणि तिला कळलं की गिरणीच्या धडधडीखाली आणखी एक आवाज आहे, खूप खालचा, न थांबणारा. कानापेक्षा दातांना जास्त कळणारा. तिनं घागर खाली ठेवली तशी तो थांबला.

घागर धरलेला हातच थरथरत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. सुशिलाबाईचे कान तरी कुठे भरवशाचे!

४

शालीकराम परत आला त्या दिवशी तिनं त्याला काही सांगितलं नाही. सांगायला होतं तरी काय? न धरणारं पॉलिश आणि म्हातारीचं बोलणं.

त्यानं तारा टेकतात ती घोडी बसवली, खुंट्या बसवल्या. मग दांडीला कान लावून लाकूड ठोकून पाहिलं, तो ते नेहमीच करत असे. पण या वेळी कान लावला आणि तसाच राहिला. गाल त्या वरच्या खळग्यात टेकला. डोळे मिटले.

"काय आयकता?"

"बोलून राहिली दांडी," तो म्हणाला.

"तारा नाईत अजून."

"त्यायची गरज नाई."

जेवायला हाक मारली तर आला नाही. तिनं खांद्याला धरून हलवलं तेव्हा झोपेतून उठल्यासारखा उठला, भात चिवडला आणि पुन्हा जाऊन बसला. त्या दिवसापासून असंच. दुकानात गिऱ्हाईक आलं तर कोरड्या शब्दांत बोलायचं, ते गेलं की तंबुऱ्याशी. त्याच्या तोंडून एक सूर निघायचा, ओठ न हलवता. ज्या माणसाला आरतीत टाळ्यांचा ठेका धरता येत नसे, त्याचा तो सूर काडीइतकाही हलत नव्हता.

एका सकाळी तिनं धास्तावतच फडकं काढलं, आणि दांडीचा वरचा भाग एकसंध दिसला. वरची जागा रंगली होती. बोट फिरवलं तरी तिथं खळगा लागेना; खालची अंगठ्याची जागा तेवढी अजून उघडी होती. तिला इतका आनंद झाला की ती ओरडलीच, "अहो, धरलं! धरलं पॉलिश!"

शालीकराम ओट्यावर वस्तरा घेऊन दाढी करत होता. त्यानं तोंड वळवलं. उजव्या गालावर तळहाताएवढ्या जागेत साबण नव्हता, कारण तिथं दाढीच नव्हती. कातडी गुळगुळीत होती, तुपकट, बाकीच्या चेहऱ्यापेक्षा काळसर. पिकल्या जांभळासारखी.

तिनं पदर ओला करून ती जागा पुसली. मग जोरानं घासली.

"दुखते ना वं," तो म्हणाला.

पदराला काही लागलं नाही. तिनं वाकून पाहिलं. त्या कातडीत बारीक उभ्या रेघा होत्या, लाकडात असतात तशा.

रंगाचं काम करणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दोन वस्तू एका रंगाच्या करायच्या तर एकीचं थोडं काढावं लागतं आणि दुसरीला द्यावं लागतं. हे तिला त्या ओट्यावर आठवलं.

५

तिनं तंबुरा लवकर घरातून जावा म्हणून उदारामला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी दुपारीच आला, नवं धोतर नेसून.

तारा चढल्या होत्या. त्यानं तंबुरा पाहिला आणि हात जोडले. "बाई, सांधा सापडत नाई! देवानंच असा बनवला वाटते."

तो दुकानात सतरंजीवर बसला. तंबुरा उभा मांडीशी घेतला, तारा जुळवल्या. शालीकराम समोरच्या भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. प्रेमिला मधल्या दारात पोत्याचा पडदा धरून उभी राहिली. उन्हाचा चौकोन सतरंजीवर पडला होता. बाहेरून बैलगाडी गेली, कोणी पोरीला हाक मारली. घाबरावं असं त्या दुपारीत काही नव्हतं.

उदारामनं बोटं फिरवली. खोली भरली. त्यानं डोळे मिटून शंकराचं भजन धरलं आणि प्रेमिलाला वाटलं, इतका भरीव आवाज एका गळ्यातून कसा येतो?

मग तिचं लक्ष दांडीकडे गेलं.

अलीकडून उदारामची बोटं तारांवर पडत होती. पलीकडून, दांडीच्या डाव्या कडेवर, एक अंगठा टेकलेला होता. त्याच्यामागून बोटं येत होती, लांब, हळू, उदारामच्या दोन छेडण्यांमधली रिकामी जागा भरत. तिनं शालीकरामकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवरच होते. तिनं पुन्हा दांडीकडे पाहिलं. बोटांमागे मनगट असायला हवं होतं. तिथं उन्हात तरंगणारी धूळ होती, आणि धूळ एका जागी अडून दोन्ही बाजूंनी वळत होती.

तिच्या हातातून पडदा सुटला. उदाराम थांबला. त्याची बोटं तारांवरून उठली. सूर थांबला नाही. भजनाची पुढची ओळ त्या खोलीत पूर्ण झाली, उदारामचं तोंड मिटलेलं असताना. मग शालीकरामचे ओठ थांबले आणि सगळं थांबलं.

उदारामनं तंबुरा असा खाली ठेवला जसा निखारा ठेवावा.

"हे भजन माह्या बापानं रचलं," तो हळूच म्हणाला. "घराबाहेर कोनाले येत नाई. शालीकभाऊले कसं आलं?"

शालीकरामचे डोळे अजून अर्धे मिटलेलेच होते.

"बाई, दांडी काढा. आत्ताच काढा. गाता गाता माह्या गळ्यात दुसरंच कोनी जागा करून राहिलं होतं."

६

सरसाचा सांधा उकळत्या पाण्यानं सुटतो. प्रेमिलानं चुलीवर भगुनं चढवलं. आधी सांध्यावरचं पॉलिश काढावं म्हणून तिनं फडकं स्पिरिटात बुडवून भोपळ्याच्या गळ्यापासून वर ओढलं. समोर शालीकराम किंचाळला.

त्यानं उजवा गाल दोन्ही हातांनी धरला होता. बोटांमधून पाणी गळत होतं. पाणीच ते, पण किंचित तांबूस.

तिनं फडकं टाकून दिलं. उदाराम शालीकरामला धरून बसला. तिनं पॉलिशला हात न लावता फक्त सांध्यावर गरम पाण्याचे बोळे ठेवायला सुरुवात केली, एकामागून एक. हात भाजले. शालीकराम दात आवळून कण्हत होता आणि मधेच, अगदी शांतपणे, दुसऱ्याच आवाजात म्हणत होता, "राहू दे ना. आता बसलो चांगला." ती ऐकत नव्हती. ऐकायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. ती बापाला आठवत होती, पळस आठवत होती, काय वाटेल ते आठवत होती. अखेर कुरकुर झाली आणि दांडी गळ्यातून निसटून तिच्या मांडीवर आली.

ती जड होती. लाकडाच्या मानानं फार जड.

शालीकराम उदारामच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेला.

"द्या इकडे," उदाराम म्हणाला. "नाल्यावर नेऊन जाळतो."

प्रेमिलानं दांडी छातीशी घट्ट धरली. तिनं स्वतःच भरलेल्या आणि रंगवलेल्या त्या वरच्या जागेवर तिचा तळहात होता. ती जागा कोमट होती, आणि तिच्या हाताखाली अगदी मंद, दाढेच्या ठणक्यासारखं काहीतरी उडत होतं.

"जाळू नका," ती म्हणाली. "याईचा गाल आहे तिच्यावर."

उदारामनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्यानं मान खाली घातली.

७

शिवरात्रीला उदाराम प्रतापगडला गेला. त्याआधी, शालीकराम झोपेतून उठल्यावर दोन दिवसांनी, त्यानंच शिवणीच्या झाडाच्या कच्च्या लाकडाची दांडी कोरून दिली होती, पांढरी फटक, आणि प्रेमिलानं तिला पॉलिशचं बोटही लावलं नाही. तंबुरा लांबूनही जोडलेला दिसत होता. जत्रेतली माणसं हसली म्हणे. उदारामचा सूर पहिल्यासारखा लागला नाही, पण जो लागला तो त्याचाच होता, असं तो येऊन सांगून गेला. शालीकरामशी तो दारातूनच बोलला.

शालीकराम बरा झाला. भूक लागू लागली, गिऱ्हाइकांशी वाद घालू लागला. तो सूर पुन्हा त्याच्या तोंडून निघाला नाही. गालावरचा काळेपणा उन्हाळ्यापर्यंत निवळला आणि तिथं दाढी आली. बाकीची काळी होती, ही पांढरी आली. लोक विचारायचे तेव्हा तो म्हणायचा, भाजलं होतं.

जुनी दांडी प्रेमिलानं गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीमागे उभी केली. वर्षातून कधीतरी, घरात कोणी नसताना, ती तिला बाहेर काढते आणि चपड्याचा एक हलका थर देते. कोरडी पडली, तडकली तर काय होईल याचा ती विचार करत नाही. हात गोल गोल फिरवते. पॉलिश धरतं आता.

परवा पौषातली दुपार होती. ती चुलीशी भाकर थापत होती. शालीकराम दुकानात पेटीचा भाता चिकटवत बसला होता आणि समोरचं दार वाऱ्यानं आपटत होतं.

"रुख्मा," त्यानं आतल्या दिशेनं हाक दिली, सहज, रोजच्या आवाजात. "दार लोटून घे वं. वारा येऊन राहिला."

या घरात रुख्मा नावाची बाई कधीच नव्हती. प्रेमिला उठली, पिठाच्या हातांनीच दुकानात आली, दार लोटलं. कडीवर हात असताना तिला जाणवलं की उठताना ती "आली, आली" म्हणाली होती.